नेगोम्बो ते दोंद्रा : जहाजांच्या वाटेने श्रीलंका

शुक्रवार, नेगोम्बो

श्रीलंका म्हटलं की कँडी, सिगिरिया, चहाचे मळे अशी यादी तयारच असते. आम्ही ती बाजूला ठेवली आणि नुसता किनारा धरला. मी नवी मुंबईत फॉरवर्डिंगच्या धंद्यात आहे. निर्यातीच्या कंटेनरचं बुकिंग आणि त्यांची कागदपत्रं, हे माझं रोजचं काम. कोलंबोचं नाव आमच्या शेड्यूलमध्ये सतत असतं, कारण भारतातून निघालेले कितीतरी बॉक्स तिथे उतरून मोठ्या जहाजांवर चढतात. बाबा मुंबई पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झाले, त्यांची सगळी नोकरी इंदिरा डॉकच्या शेडमध्ये गेली. बंदर तर दोघांनाही बघायचं होतंच. पण मला त्याहून जास्त ओढ होती ती बंदराच्या उत्तरेकडच्या वाळूची. मे 2021 मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' जहाज पेटलं, तेव्हा त्यातला माल या वाळूवर येऊन पडला होता.

मुंबईहून थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास लागतात. विमानतळ कटुनायकेला आहे आणि तिथून कोलंबोपेक्षा नेगोम्बो जवळ, म्हणून पहिली रात्र इथेच काढावी. ईटीए, म्हणजे देशात शिरायची आगाऊ परवानगी, निघण्याआधी ऑनलाइन काढून ठेवा. डोंगराकडे जाणार असाल तर रस्ते आणि रेल्वेची चौकशी आधी करा; नोव्हेंबर 2025 मधल्या दित्वा चक्रीवादळाने त्या भागाचं फार नुकसान केलं आहे.

उतरलो ते घर खाडीच्या कडेला होतं. मालकीणबाईंना सगळी आळी 'अक्का' म्हणते, आम्हीही तेच म्हणू लागलो. जेवायला अंबुल थियल होतं : कुप्याचे तुकडे, भरपूर मिरी आणि गोरका. गोरका आपल्या कोकमाच्याच कुळातला, पण काळाभोर आणि जास्त कडक आंबट. सोबत पोल सांबोल, म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची आणि लिंबू. बाबांनी ते पुन्हा मागून घेतलं.

पर्लचं नाव काढल्यावर अक्कांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "रात्री समुद्रावर लाल उजेड दिसायचा," त्या म्हणाल्या. "दिवसा धूर. मग होड्या बंद. होड्या सुरू झाल्या तर मासे कोणी घेईना. सगळे म्हणायचे, पोटात प्लास्टिक असेल." त्यांचे यजमान खाडीत कोळंबी पकडायचे. कोविडने आधीच घर अडचणीत आलं होतं, त्यात हे. भरपाईचे हप्ते मिळाले, पण त्यात नेमका कोणता तोटा धरला आणि कोणता सोडला, हे त्यांना कुणीच समजावून सांगितलं नाही. सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शनिवार, सरक्कुवा

पहाटे लेल्लामाला, म्हणजे मासळीबाजारात. जायचं तर उजाडताच जावं, उशीर झाला की फक्त वास उरतो. बाजारामागच्या वाळूत काथ्याच्या चटया लांबवर अंथरलेल्या असतात आणि त्यावर खारवलेली मासळी वाळत असते. बायका ओणव्या होऊन एकेक मासा उलटत जातात. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे होते. "आपल्या वर्सोव्यासारखंच गं," ते म्हणाले.

तिथून रिक्षाने डच कालव्याच्या कडेकडेने दक्षिणेला पामुनुगामाच्या बाजूला गेलो. सरक्कुवाचा किनारा गावापलीकडे आहे. वरवर पाहिलं तर स्वच्छ : केवड्याची झुडपं, पिवळसर वाळू, दोन-चार होड्या. 2021 मध्ये याच वाळूवर प्लास्टिकच्या दाण्याचे थर साचले होते आणि पांढरे संरक्षक पोशाख घातलेली माणसं तो फावड्यांनी भरत होती.

रिक्षावाल्याच्या ओळखीचा एक तरुण तिथे भेटला. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर दाणा वेचायला येतो. कोलंबोतल्या 'द पर्ल प्रोटेक्टर्स' या तरुणांच्या संस्थेने सुरुवातीच्या काळात अशी कितीतरी माणसं किनाऱ्यावर आणली. तो त्यांच्यातूनच तयार झालेला. त्याने ओंजळभर वाळू समुद्राच्या पाण्याच्या बादलीत टाकली आणि काडीने ढवळली. वाळू तळाशी बसली. पाण्यावर तरंगत राहिले ते पांढुरके दाणे, अगदी साबुदाण्याएवढे. काही पिवळे पडलेले, काही करपून एकमेकांना चिकटलेले राखाडी खडे. बाबांनी चष्मा पुसून एक दाणा तळहातावर घेतला, नखाने दाबला. तो दबला नाही. चार वर्षांहून जास्त काळ ऊन-पाणी खाऊनही तो जसाच्या तसा होता.

हा दाणा माझ्या ओळखीचा आहे. बादल्या, पिशव्या, पाइप, बाटल्यांची झाकणं, सगळ्याचा कच्चा माल हाच. 25 किलोच्या गोण्यांतून येतो. पर्लवर असा दाणा सुमारे 1,680 टन होता. समुद्रात एका वेळी इतका प्लास्टिक दाणा सांडल्याची दुसरी नोंद नाही.

घटना थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे ती फारशी माहीत नाही. जहाज नवंकोरं होतं, 2021 च्या फेब्रुवारीतच सेवेत आलेलं. त्यावर 1,486 कंटेनर होते आणि एका खेपेचं 25 टन नायट्रिक ॲसिड. त्यातला एक कंटेनर गळतो आहे, हे आखातात असतानाच लक्षात आलं होतं. कंपनीच्या म्हणण्यानुसार तो उतरवून घ्या अशी विनंती आधी कतारच्या हमाद बंदराला आणि मग आपल्या हजीराला केली, पण दोन्हीकडून नकार आला, कारण गळतं ॲसिड हाताळायची सोय नव्हती. जहाज तसंच पुढे निघालं. 19 मे रोजी कोलंबोबाहेर पोचलं, 20 तारखेला आग भडकली, 25 तारखेला स्फोटानंतर खलाशांना उतरवलं. आपल्या तटरक्षक दलाची जहाजं आग विझवायला गेली होती. 2 जूनला खोल पाण्याकडे ओढून नेताना ते तळाला टेकलं. पुढच्या आठवड्यांत शेकडो कासवं मेलेली सापडली.

यात मला सगळ्यात जास्त सलतं ते हे, की गळती माहीत होती. ती कोणाच्या तरी ईमेलमध्ये होती, कोणाच्या तरी फाइलमध्ये होती. 'आमच्याकडे नको' असं प्रत्येकाने आपापल्या जागी म्हटलं आणि शेवटी ते सगळं अक्कांच्या दारात येऊन पडलं.

दाण्याची गोष्ट आणखी वेगळी. ॲसिड धोकादायक मालाच्या यादीत आहे. त्याला डीजी डिक्लेरेशन, म्हणजे धोकादायक माल असल्याचं लेखी घोषणापत्र लागतं, जहाजावर जागा ठरवून दिली जाते. दाणा त्या यादीत नाही. कागदोपत्री तो गव्हातांदळाइतकाच निरुपद्रवी. पर्लनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 मध्ये शिफारशी काढल्या : दाण्याच्या गोण्या मजबूत असाव्यात, कागदपत्रांत दाण्याचा स्पष्ट उल्लेख असावा, कंटेनर शक्यतो डेकखाली किंवा आडोशाच्या जागी ठेवावा. पण या शिफारशीच आहेत, सक्ती नाही. आणि मे 2025 मध्ये केरळसमोर 'एमएससी एल्सा 3' बुडालं, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पुन्हा तोच दाणा.

सरक्कुवाला जाणार असाल तर पायात बूट घाला आणि पाणी सोबत न्या, तिथे दुकान नाही. लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दुर्घटनेनंतर खूप कॅमेरे येऊन गेलेत आणि गावकरी त्याला कंटाळलेत.

रविवार, कोलंबो

गॉल फेसवर संध्याकाळी सगळं शहर उतरतं. पतंग, लहान मुलं, आणि इस्सो वडे : डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी दाबून तळलेली, वर कांदा आणि झणझणीत चटणी. गरम असतानाच खावा. उकाडा बराच होता, पण सूर्य कलल्यावर वारा सुटला.

बंदरात पर्यटकांना सोडत नाहीत, पण इथून उत्तरेला पोर्ट सिटीच्या भरावापलीकडे क्रेनची रांग दिसते आणि बाहेर नांगरलेली जहाजं दिसतात. बाबा त्यांची उंची आणि ठेवण बघून कोणतं रिकामं, कोणतं भरलेलं ते मला सांगत होते. मग बराच वेळ गप्प राहिले आणि एकदम 'फोर्ट स्टिकिन'चं बोलायला लागले.

14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक. एकाच जहाजावर कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं. कापूस पेटला, पाठोपाठ दोन स्फोट झाले आणि मुंबईचा मोठा भाग हादरला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. दरवर्षीचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच आठवणीत असतो. "आमच्या वेळी जुनी माणसं नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगायची," बाबा म्हणाले. "कुठला माल कशाशेजारी ठेवायचा, हे तिथून शिकायचं. कापूस कागदावर कापूसच असतो. शेजारी काय आहे ते बघायला माणूसच लागतो."

मी त्यांना 'वान हाय 503' ची आठवण दिली. जून 2025 मध्ये हे जहाज याच कोलंबोहून निघून आमच्या न्हावा शेवाला येत होतं. 9 तारखेला केरळजवळ त्यावर स्फोट झाला, आग लागली, चार खलाशी बेपत्ता झाले. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात फोन थांबत नव्हते आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : माझा माल कधी येणार? धंदा आहे, प्रश्न चुकीचा नाही. पण जहाजावर नेमकं काय होतं, ते खरं लिहिलं होतं का, हे विचारणारा एकही फोन मला आठवत नाही.

कंटेनर जहाजावरच्या आगींमागे खोटं किंवा अर्धवट घोषित केलेला माल, हे कारण पुन्हा पुन्हा पुढे येतं. डीजी म्हणून लिहिलं तर भाडं वाढतं, लाइन, म्हणजे जहाज कंपनी, नकार देऊ शकते, कागदं वाढतात. मग कोळशाची पावडर, ब्लीच, बॅटऱ्या दुसऱ्याच गुळगुळीत नावाने चढतात. ही फसवणूक समुद्रावर होत नाही. ती गोदामात, सीएफएसमध्ये (कंटेनर भरायच्या-रिकामे करायच्या आवारात) आणि आमच्यासारख्यांच्या टेबलांवर होते. समुद्र वाचवायचा म्हणजे किनारा झाडायचा, असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. किनारा झाडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ते काम त्यांच्यावर येऊच नये याची जबाबदारी आमच्या धंद्याची आहे.

जुलै 2025 मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्लच्या बाजूच्या मंडळींना एक अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. गळतीची खरी माहिती वेळेवर दिली नाही, हा ठपका ठेवला. सरकारी बाजूच्या दिरंगाईलाही सोडलं नाही. पण त्याआधी लंडनच्या न्यायालयात सागरी कायद्यातल्या दायित्वमर्यादेचा आधार घेऊन ही जबाबदारी सुमारे 1.9 कोटी पौंडांपुरती आखून घेतलेली होती. जहाजाच्या आकारमानावरून (टनेजवरून) जबाबदारीची कमाल रक्कम ठरते, नुकसानावरून नाही. हा नियम जुना आहे आणि व्यापार चालू राहावा म्हणून केलेला आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही सरक्कुवाची वाळू पाहिल्यावर तो मला मान्य होत नाही.

सोमवार, रेल्वेने दक्षिणेला

कोलंबो फोर्टहून मातरच्या गाडीत बसा आणि उजवीकडची खिडकी पकडा. रूळ काही ठिकाणी लाटांना इतके लागून जातात की तुषार आत येतात. दुसऱ्या वर्गात गर्दी होते, फोर्टलाच लवकर चढलात तर जागा मिळते. डब्यात उकडलेले हरभरे, वडे, फोडी केलेली कैरी सतत फिरत असते. समोर बसलेल्या शाळामास्तरांनी बाबांना कवठाचा रस पाजला आणि मातर स्टेशन येईपर्यंत दोघं क्रिकेटवर बोलत होते. मिरिसाला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं, एक जोराची सर आली, आणि रात्री चांदणं पडलं.

मंगळवार, मिरिसा

देवमासे बघायच्या बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास मासेमारी बंदरातून सुटतात. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. स्वस्तातली बोट पकडू नका. देवमाशापासून अंतर ठेवता का, मागे धावता का, हे आधी विचारा. उत्तर देताना जो टाळाटाळ करतो त्याला सोडा. रिकाम्या पोटी जाऊ नका, मळमळीची गोळी अर्धा तास आधी घ्या, आल्याची बिस्किटं जवळ ठेवा. बाबांना काही झालं नाही, डॉकचा माणूस. मला पहिला तासभर त्रास झाला.

आमचा तांडेल आधी मासेमारी करायचा. समुद्र त्या दिवशी शांत होता, क्षितिज धुरकट. बराच वेळ काही नाही. मग त्याने इंजिन बंद केलं आणि हात लांब करून दाखवलं. पाण्यातून उभा फवारा उठला, झाडाएवढा, आणि त्यामागून पाठ यायला लागली. राखाडी-निळी, ओली, संपतच नव्हती. शेवटी एक इवलासा पर दिसला, मग शेपटी पूर्ण वर उचलली गेली, पाणी निथळलं, आणि देवमासा सरळ खाली गेला. बोटीवरचे सगळे एकाच वेळी श्वास सोडल्यासारखे बोलायला लागले. तो गेला तिथे पाण्यावर विटकरी रंगाचा ढग पसरला होता. तांडेल म्हणाला, ती विष्ठा. बारीक कोळंबीसारखे जीव खातो म्हणून रंग लाल. त्या खतावर पुन्हा समुद्रातलं सूक्ष्म जीवन वाढतं.

इथले निळे देवमासे वर्षभर याच उष्ण पाण्यात राहतात. डॉ. आशा डी व्होस या श्रीलंकेच्याच संशोधिकेने हे जगापुढे मांडलं. आणि ते राहतात नेमके सुएझ-मलाक्का जहाजमार्गाच्या पट्ट्यात. आमच्या बोटीवरून ती जहाजं स्पष्ट दिसत होती. एकामागून एक, कंटेनरचे थर रचलेली. त्यातलं एक इतकं जवळून गेलं की बाबांनी त्याच्या लाइनचा रंग ओळखला. देवमासा श्वासासाठी वर येतो तेव्हा तो पृष्ठभागालगत असतो, आणि एवढ्या जहाजाला बाजूला वळायला वेळ लागतो. मार्च 2012 मध्ये एक कंटेनर जहाज कोलंबो बंदरात शिरलं, तेव्हा त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मेलेला निळा देवमासा अडकलेला होता. वर कोणाला पत्ताही नव्हता.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. हा मार्ग दक्षिणेला पंधरा सागरी मैल सरकवला तर टकरीचा धोका सुमारे 95 टक्क्यांनी कमी होतो, असं संशोधकांनी 2016 पर्यंत दाखवून दिलं. जगातली सर्वांत मोठी कंटेनर लाइन एमएससी 2022 पासून स्वतःहून या दक्षिणेकडच्या वाटेने जहाजं नेते. केरळसमोर ज्यांचं जहाज बुडालं तीच ही कंपनी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहायला हव्यात. पण समुद्राच्या नकाशावर अधिकृत मार्ग मात्र जुनाच, आणि त्यावर वर्दळ आहे. हजारो मैलांच्या फेरीत एवढ्याशा वळशाचं इंधन किती, याचा हिशोब माझ्या धंद्यातला कोणीही करू शकतो. तो खर्च प्रत्येक कंटेनरवर वाटला तर भाड्यात दिसणारसुद्धा नाही.

बुधवार, दोंद्रा

श्रीलंकेचं अगदी दक्षिण टोक. मिरिसाहून रिक्षाने सहज जाता येतं. अष्टकोनी पांढरा दीपस्तंभ, 49 मीटर उंच, 1890 च्या सुमाराचा, नारळीच्या बनात. आम्हाला वर चढू दिलं नाही, पण आवारात खडकांवर बसता येतं. दुपारी ऊन फार असतं, चारनंतर जा.

तिथे थंबिली, म्हणजे नारिंगी शहाळी विकणाऱ्या आजोबांशी बाबांची गट्टी जमली. दोघांचं इंग्रजी तुटकं, तरी बोलणं अडलं नाही. आजोबा म्हणाले, पूर्वी रात्री मासेमारीला गेलं की मोठ्या जहाजांचीच भीती जास्त, लाटांची नाही. लहान होडी त्यांना दिसतच नाही. म्हणजे मार्ग लांब गेला तर माणसंही वाचतील. हे मी आधी कुठे ऐकलं नव्हतं, आणि टिपून ठेवलं.

"चित्रा आठवते का?" परतताना बाबांनी विचारलं. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईच्या तोंडावर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ची टक्कर झाली. जहाज कललं, कंटेनर समुद्रात घरंगळले, तेल उरण-अलिबागच्या खारफुटीत शिरलं. बाबा म्हणाले, "तेव्हा पेपरात फक्त बंदर कधी सुरू होणार ते येत होतं. कोळ्यांचं शेवटच्या पानावर."

परत आल्यावर

1 जानेवारी 2026 पासून समुद्रात पडलेल्या कंटेनरची खबर देणं कप्तानाला आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झालं आहे. चांगली गोष्ट आहे, पण ती पडल्यानंतरची. आमच्या ऑफिसात मी आता दाण्याच्या प्रत्येक बुकिंगसोबत 2024 च्या शिफारशी जोडते आणि डेकखालची जागा लेखी मागते. एमएसडीएस, म्हणजे रसायनाच्या धोक्यांचं माहितीपत्रक, आल्याशिवाय रसायनाचं बुकिंग पुढे सरकत नाही, पार्टी कितीही जुनी असो. आणि कोलंबोमार्गे पूर्वेला जाणाऱ्या मालासाठी लाइनना विचारते : दोंद्रासमोरून तुमची जहाजं कोणत्या पट्ट्यातून जातात?

काहींनी उत्तर दिलं नाही. एका लाइनच्या सेल्समधल्या मुलाने फोन केला. "मॅडम, हे कस्टमरने मागितलंय का?" मी म्हटलं, बुकिंग माझ्या नावावर आहे, त्यामुळे कस्टमर मीच आहे, असं धर. त्याने ऑपरेशन्सला विचारून सांगतो म्हटलंय. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा फोन करणार आहे.